सिलिंडरच्या वाटणीचं पाणी

साल होतं १९८६, महिना मे. लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही पुरी झाली नव्हती. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता, नळ मात्र कोरडे. गंजगोलाईमागच्या गल्लीत साहेबरावाचं रिबोअरिंगचं, म्हणजे इंजनाचे झिजलेले सिलिंडर नीट करायचं, दुकान होतं आणि तिथं टँकर पाचव्या दिवशी यायचा.

साहेबराव हे काम नांदेडला शिकला आणि लग्नानंतर त्यानं ते बायकोला, पंचशीलेला शिकवलं. सिलिंडर आला की ती आधी आतून नख फिरवायची. वरच्या टोकाला, जिथवर पिस्टनची रिंग पोचत नाही तिथं, नखाला कड लागली की किती झिजलाय ते तिला निम्मं कळायचं. मग मापाचं गेज घालून वर, मधे, खाली मोजायचं, आडवं आणि उभं, आणि आकडे पाटीवर लिहायचे. झीज थोडी असली तर दगडानं घासून नव्या रिंगा, जास्त असली तर रिबोअर, म्हणजे आतून कापून भोक मोठं करायचं आणि मोठा पिस्टन घालायचा. इथं बायको डॉक्टर अन् नवरा कंपाउंडर, असं गिऱ्हाइकं म्हणत, पण तिच्या आकड्यावर कुणी शंका घेत नसे.

घासल्यावर धुणं आलं. त्यात साहेबराव कुणाचं ऐकत नसे. रॉकेलनं तेलकट मळ जातो, दगडाची भुकटी जात नाही. ती लोखंडातल्या बारीक रेघांत बसून राहते आणि इंजन चालू झालं की रिंगा खाते. तिला साबणाचं कढत पाणीच लागतं, दोन बादल्या. नंतर जुन्या धोतराचं फडकं आत फिरवायचं. ते पांढरं निघालं तरच सिलिंडर द्यायचा.

लोह्याकडच्या एका वाडीतून व्यंकटी आला, सिलिंडर पोत्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन. गावात पाणी उरलेली एकच विहीर, तिच्यावर पंचायतीचं पाच हॉर्सपॉवरचं इंजन, आणि ते चालवायला हा. इंजन चाललं तर टाकी भरणार आणि गाव पिणार. पंचशीलेनं मोजलं. झीज बेताची होती, नव्या रिंगांवर भागणार होतं. साहेबराव सिलिंडर घासून रिंगा आणायला बाजारात गेला, व्यंकटी दुपारच्या गाडीची चौकशी करायला. पिण्यापुरतं सोडून उरलेलं दोन बादल्या पाणी तिनं तापवलं.

तेवढ्यात भोकरहून तिची आई, नागुबाई, आली. उन्हातून, धुळीतून, दोन गाड्या बदलून. तीन आठवडे तिच्या डोक्याला पाणी लागलं नव्हतं. लेकीला दिसू नये म्हणून ती पदराआड हळूच खाजवत होती. मागत काही नव्हती. पेलाभर पाणी प्याली, तेही अर्धं.

पंचशीलेनं तिला हाताला धरून मोरीत बसवलं आणि त्या दोन्ही बादल्या तिच्या डोक्यावर घातल्या.

"अगं पुरे, पुरे," आई म्हणत राहिली आणि डोळे मिटून बसून राहिली.

सिलिंडर तिनं रॉकेलनं धुतला. पहिलं फडकं काळं निघालं, दुसरं राखी. तिसरंही राखीच होतं, पण ते तिनं उजेडात धरून पाहिलं नाही. तेल लावलं, पोत्यात गुंडाळलं आणि फडकी चुलीत घातली.

नवव्या दिवशी सरपंच शेषेराव व्यंकटीला घेऊन दुकानात आले. इंजन नुसता धूर टाकत होतं, पाणी वर चढत नव्हतं, बाया दोन कोसांवरून घागरी आणत होत्या. साहेबरावानं सिलिंडर उजेडाकडं धरला. आत उभे चरे पडले होते. असं दोन कारणांनी होतं, तो म्हणाला, हवेचा फिल्टर साफ न ठेवल्यानं आत गेलेल्या धुळीनं, नाहीतर धुण्यात राहिलेल्या भुकटीनं. मग त्यानं बायकोकडं पाहिलं.

"पाण्यानंच धुतलं होतंस ना?"

"हाव," ती म्हणाली.

शेषेराव व्यंकटीकडं वळले. "इंजन खाल्लंस की रं आमचं."

व्यंकटीनं वाद घातला नाही. तो पंचशीलेला म्हणाला, "वैनी, मी फिल्टर रोज पुसलाय वो." तिनं पाटी उचलली आणि पुन्हा मोजायला बसली. या खेपेला रिबोअर करावा लागला. धुवायला तिनं स्वतःच्या चार दिवसांच्या वाटणीचं पाणी घातलं. फडकं पांढरं निघालं. पण व्यंकटीचं काम गेलं होतं.

पुढं सतरा वर्षांनी नागुबाई वारली. शेवटची आंघोळ घालताना आईच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि पंचशीलेचा हात थांबला. त्या आठवड्यात तिनं साहेबरावाला सगळं सांगितलं आणि एकटीच त्या वाडीला गेली. व्यंकटीचं घर कोणतं, असं फाट्यावर विचारलं, तर एक पोरगेलासा माणूस म्हणाला, "इंजनखाऊचं का?" हे नाव का पडलं ते त्याला माहीत नव्हतं.

व्यंकटी हैदराबादला बिगारीचं काम करता करताच वारला होता. त्याच्या बायकोनं, केवळाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. हातातलं सूप खाली ठेवलं नाही.

"मला काय सांगता? तो फिल्टर पुसायचा, ते मी बघतच होते. गावाला सांगा."

पंचशीला शेषेरावांकडं गेली. ते ओसरीवर बसले होते, कानानं कमी झालेले. तिनं दोनदा, मोठ्यानं सांगितलं. आसपासच्या चार घरांनी ऐकलं.

"असंल, बाई," ते म्हणाले. "आता ते इंजन बी न्हाई अन् ती हीर बी न्हाई." मग तिला गाडीची वाट दाखवायला त्यांनी काठी उचलली. "त्या इंजनखाऊच्या घरापासून डावीकडं वळा, फाटा लागतो."

शेषेराव त्याच पावसाळ्यात गेले. बायकोनं सगळं सांगितल्यापासून साहेबराव महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. मग बोलायला लागला, पण धुतल्यावरचं फडकं मरेपर्यंत स्वतःच उजेडात धरून पाहत राहिला. दुकान आता मुलाकडं आहे. पंचशीलेला आकडे दिसत नाहीत, नखाला कड मात्र अजून लागते. केवळाबाईच्या नातवानं गावात पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्यानं भरायचं दुकान काढलं आणि पाटीवर आजोबाचं नाव घातलं, व्यंकटी. गाव त्याला इंजनखाऊचं दुकान म्हणतं.