उशाशी बसलो

पडद्याच्या फटीतून डेल्मर स्टिडमने एकदाच बाहेर डोकावून पाहिलं आणि फट झटकन मिटून घेतली. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, झेल्फा कॉर्नेट बसली होती. डोक्यावर चर्चला घालायची निळी टोपी, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात.

रविवार होता. शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये दुपारी दोनचा एक आणि संध्याकाळी पाचचा एक असे दोन कार्यक्रम होते. कोल्टर फोर्कचं सगळं खोरं लोटलं होतं. लोटणारच की! गावच्या खाणीत कोळसा उपसलेला पोरगा, आता उभ्या देशात रेडिओवर वाजणारा, तेवीस वर्षांनी गावात गायला आला होता. इतकी वर्षं का आला नाही, हे कुणी विचारलं नाही. मोठ्या माणसाला सवड नसते म्हणायचं, झालं. सवड होती हो, हिंमत नव्हती.

"काय रे, भूत बघितलंस की काय?" हॉलिसने विचारलं. हॉलिस गेली चौदा वर्षं त्याच्याबरोबर स्टील गिटार वाजवत होता.

"'उशाशी बसलो' आज नको."

"नको? आर्लिस कॉर्नेटच्या गावात येऊन आर्लिसचंच गाणं नको? अरे बाबा, लोक खुर्च्या घालतील डोक्यात!"

हॉलिसला काय ठाऊक? त्याला तेवढंच ठाऊक, जेवढं गाण्यात होतं. पन्नास-एक्कावन्नच्या सुमाराची गोष्ट, ऑगस्ट महिना. डेल्मरची आई तापाने फणफणलेली, म्हणून त्याचा जिवलग दोस्त आर्लिस त्याच्या जागी पाळीवर खाली उतरला. खाणीत वायूचा भडका उडाला आणि अकरा माणसं जिवंत वर आलीच नाहीत. हे गाणं लागलं की ट्रकवाले ट्रक कडेला घेऊन डोळे पुसायचे. डेल्मरचं घर, गाडी, नाव, सगळं त्या एका गाण्यावर उभं होतं.

आणि गाणं धादांत खोटं होतं.

आई ठणठणीत होती. डेल्मरला नॉक्सव्हिल शहरातल्या रेडिओवाल्यांनी गाणं ऐकवायला बोलावलं होतं. गाण्यासाठी पाळी कोण बदलून देणार? म्हणून त्याने आर्लिसला आईच्या तापाची थाप मारली आणि गिटार घेऊन बस पकडली. रात्री परतला तेव्हा खाणीच्या तोंडाशी बायका ओरडत होत्या. तिथेच आईने त्याच्या कानात सांगितलं, "मला ताप आलाय समजून झेल्फा बघायला आली, ती दुपारभर आपल्याच पडवीत होती रे. वाळवायच्या शेंगा ओवत बसलो होतो दोघी. तेवढ्यात भोंगा झाला."

म्हणजे आर्लिसच्या बायकोला, झेल्फाला, थाप त्याच दिवशी कळली होती. आईखेरीज सगळ्या जगात तिला एकटीलाच. आई पुढे चार वर्षांनी गेली. झेल्फा मात्र कधी अवाक्षर बोलली नाही, आणि त्या न बोलण्याने डेल्मरचं रक्त आटत गेलं. आज ती उठेल, बोट दाखवील आणि आठशे माणसांसमोर म्हणेल, 'खोटारड्या, माझ्या नवऱ्याला मारून वर गाणं करतोस?' बस, एवढ्या एका वाक्याने सगळं संपलं असतं.

पडदा उघडला. टाळ्यांनी छत हललं. त्याने आगगाडीचं गाणं म्हटलं, दारूचं म्हटलं, सोडून गेलेल्या बायकोचं म्हटलं. लोक खुशीत पाय आपटत होते. घामाने डाव्या हाताची बोटं तारांवरून घसरत होती. त्याने झेल्फाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर ओळीला तिच्याकडेच बघितलं. तिने एकदाही टाळी वाजवली नाही.

"उशाशी! उशाशी बसलो!" मागून आरोळी आली. मग सगळ्या हॉलने धरलं. डेल्मरने ऐकूच आलं नाही असं दाखवून हॉलिसला दुसऱ्याच गाण्याची खूण केली. पण हॉलिस पडला भला माणूस. त्याला वाटलं, गड्याचा गळा दाटून आलाय. त्याने आपणहून त्या गाण्याची सुरावट छेडली, जी खोऱ्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. झालं! आता माघार कुठली?

पहिलं कडवं कसंबसं पार पडलं. धृपद जवळ आलं तशी झेल्फा खुर्चीत पुढे सरकली. ही आता उठणार. हिच्या तोंडून निघण्यापेक्षा आपल्याच तोंडून निघालेलं बरं! आणि ज्या ओळीला तो तेवीस वर्षं म्हणायचा, 'आई माझी तापाने फणफणली, मी उशाशी बसलो', तिथे तो डोळे मिटून गायला,

"आई माझी ठणठणीत होती, मी शहरात गात बसलो..."

पण ऐकलं कुणी? आठशे माणसं गळा काढून जुनीच ओळ म्हणत होती. त्याचा आवाज त्यात बुडाला. पुढच्या रांगांना काहीतरी चुकल्याचं तेवढं जाणवलं. "डेल्मर, स्वतःचं गाणं विसरलास की रे!" कुणीतरी ओरडलं आणि खो खो हसू पिकलं. हॉलिसने डोळा मारला. लगेच लोकांनीच ती ओळ दुसऱ्यांदा म्हटली, त्याला मदत म्हणून!

झेल्फा हसली नाही. ती उठली. पण तिने बोट दाखवलं नाही. बाजूच्या दाराने निघून गेली.

कार्यक्रम संपवून तो खेळांच्या मास्तरांच्या खोलीत शिरला, तर ती तिथेच उभी होती.

"बस," ती म्हणाली. तो बसला. "हे काय गायलास मघाशी?"

"खरं ते गायलो, झेल्फा. तुला तर ठाऊकच आहे..."

"मला काय ठाऊक आहे ते तू मला सांगू नकोस."

"तेवीस वर्षं झोप नाही गं मला. वाटलं, निदान तुझ्यासमोर तरी..."

"तुझ्या झोपेला मी काय करू? लोणचं घालू?" तिचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली. "त्या दिवशी मेव्हिस पाच वर्षांची झाली. आर्लिसने तिच्यासाठी सुट्टी घेतली होती. तुझा निरोप आला तेव्हा केक टेबलावर होता. पोरीने त्याच्या पायाला मिठी मारली, सोडेचना. मग तो म्हणाला, 'बाळा, डेल्मरकाकाची आई फार आजारी आहे.' तेव्हा तिने पाय सोडला. तिने सोडला, डेल्मर. शिरतंय का डोक्यात?"

डेल्मर उठायला गेला, तर तिने हातानेच त्याला परत बसवलं.

"आजारी बाईसाठी मी बाबांना जाऊ दिलं, म्हणते. नर्स झाली ती त्यापायी. तुझ्या गाण्यापायी तो गेला, हे तिला कळलं तर ती जगेल का? तुला माफ केलंय असं समजू नकोस. पाचच्या कार्यक्रमाला ती येतेय, ड्यूटी संपवून. गाणं होतं तसंच गायचं. नंतर ती भेटायला येईल. नर्स आहे, आजाराचं नीट खोदून विचारील. उत्तरं तयार ठेव."

पाचला पहिल्या रांगेत दोघी होत्या. मेव्हिस तशीच पांढऱ्या गणवेशात आली होती. डेल्मर होतं तसंच गायला, शब्दाला शब्द. झेल्फाचे ओठ त्याच्या ओठांबरोबर हलत होते. मेव्हिस मोकळेपणी रडली.

मग ती मास्तरांच्या खोलीत आली. मागे आई होतीच. मेव्हिसने त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. तिचे हात उबदार होते आणि हनुवटी थेट आर्लिसची होती.

"डेल्मरकाका, कधीपासून विचारायचं होतं. आजींना नक्की काय झालं होतं?"

"टायफॉइड," तो म्हणाला. दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात त्याने तेच पाठ केलं होतं.

"बाई गं! तेव्हा तर औषधंही कुठली मिळायची इथे. ताप किती दिवस होता?"

"एकवीस दिवस. डोळा लागला नाही माझा. उठून बसायचीसुद्धा ताकद नव्हती तिच्यात."

मेव्हिसने मान डोलवली. मग ती थांबली.

"पण काका, तिसऱ्याच दिवशी बाबांची माती झाली. मी फार रडत होते, तेव्हा मला कडेवर घेऊन टेकडीवर कोण चढलं होतं? वरपर्यंत गाणं म्हणत होत्या त्या. तुमच्या आईच होत्या ना?"

डेल्मरने झेल्फाकडे पाहिलं. झेल्फा भिंतीला टेकली होती. तिच्या चेहऱ्यावर थेंबभर रक्त उरलं नव्हतं.

"सांगा ना काका," मेव्हिस म्हणाली. त्याचा हात अजून तिच्याच हातात होता.