हाकलायची धून

दर सप्टेंबरात, लॉस एंजेलिसमध्ये ऊन मी म्हणत असताना, माणसं भर दुपारी रात्रीचे कपडे चढवून घाम पुसत उभी दिसली की समजायचं, आज टीव्हीचे पुरस्कार. पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांना जेवण उरकून बघता यावं म्हणून आम्ही इकडे दुपारी नटतो. जिंकणाऱ्याला पंखवाली सोनेरी बाई मिळते. तिचे पंख इतके टोकदार, की मिठी मारताना डोळा सांभाळावा लागतो. ती बाई छातीशी धरून बडबडत सुटलेल्यांना स्टेजवरून हाकलणं हे माझं काम. मी बँडचा मुख्य आहे.

भाषण लांबलं की वरच्या खोलीतून दिग्दर्शिका ब्रेना माझ्या कानात म्हणते, "वाहान, घे." मी काठी उचलतो, व्हायोलिनं गोडीगुलाबीने सुरू होतात आणि समोरच्याचे आईचे आभार मानायचे राहून जातात. तरीही हटला नाही तर ट्रंपेट. ट्रंपेटपुढे आजवर कुणी टिकलेलं नाही. लोक मला शिव्या घालतात आणि खरं सांगायचं तर त्या मला आवडतात. घरी माझं कुणी कधी ऐकलं नाही, इथे सगळ्यांना ऐकावं लागतं.

घरी म्हणजे डोरीनने. डोरीन एकेकाळी माझी बायको होती. मी ग्लेंडेलचा आर्मेनियन, ती ओहायोची. विनोदी मालिकांमध्ये ती कायम शेजारीण असायची. कुंपणावरून डोकवायचं, एक वाक्य टाकायचं, हशा घ्यायचा आणि जायचं. पुरस्कारासाठी चारदा नाव आलं, चारदा हरली. त्या चारही वेळा मी खाली बँडमध्ये ट्रंपेट फुंकत होतो, म्हणजे तिला हरवणाऱ्या बायकांना वाजतगाजत स्टेजवर मीच नेलं. घटस्फोटाच्या वेळी तिने हे वकिलाला आवर्जून सांगितलं होतं.

हल्ली ती तिथेच जागाभरू म्हणून येते. टीव्हीवर एकही खुर्ची रिकामी दिसता कामा नये, असा आमच्याकडे दंडक आहे. कुणी नटी बाथरूमला गेली की जागाभरू नटूनथटून तिच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि ती परतली की उठतो. बोलायचं नाही, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. पैसे मिळत नाहीत, खायलाही मिळत नाही. म्हणून मी त्या दिवशी तिच्यासाठी लहमाजून, म्हणजे आमची खिमा लावलेली पातळ रोटी, घेऊन गेलो होतो. गळ्याशी रुमाल खोचून, जुना हिरवा गाऊन सांभाळत, ती पार्किंगमध्ये उभ्याउभ्याच खायला लागली.

"लिंबू विसरलास. तीस वर्षं झाली, माणूस लिंबू विसरतो."

"फुकट मिळतंय ते खा. आणि मला सांग, ज्या कार्यक्रमात चारदा तोंडावर आपटलीस तिथे पुन्हा पुन्हा येतेस कशाला?"

"बाई मिळाली नाही त्याचं मला काही नाही रे. तिला घरी नेऊन धूळच पुसायची. मला तुझ्याकडून हाकलून घ्यायचं होतं."

"काय?"

"ती तुझी धून. फक्त जिंकलेल्यांसाठी वाजते. हरलेल्याला कोण हाकलणार? तो बसलेलाच असतो. मी मुद्दाम लांबलचक भाषण लिहिलं होतं. अजून पाठ आहे."

"त्यात मी होतो का?"

"अगदी शेवटी. म्हणजे तिथे पोचायच्या आत बँड वाजणार आणि तुझं नाव घ्यावं लागणार नाही."

मी हसलो, पण मला लागलं. त्या भाषणात आपलं नाव होतं हे आजवर माहीत नव्हतं, आणि कळलं तेही असं.

कार्यक्रम सुरू झाला. मध्येच एका जिंकणाऱ्याचा पत्ताच नव्हता, म्हणे हंगेरीत शूटिंग करत होता. त्याच्या भाषणाचा वेळ वाचला, म्हणून वरून हुकूम आला की पुढचा पुरस्कार लगेच घ्या. विनोदी मालिकेतली सहायक अभिनेत्री. यात पेज हॉलिस नावाच्या पोरीचं नाव होतं आणि पेज हॉलिस होती बाथरूममध्ये. तिचा गाऊन असा, की आत जायला दोन मैत्रिणी बरोबर न्याव्या लागल्या. तिच्या खुर्चीत कोण बसलं असेल ते सांगायला नको.

मोठ्या पडद्यावर स्पर्धक बायकांचे चेहरे चौकटींत आले. कॅमेरावाला नवा असावा. त्याला सांगितली होती खुर्ची, त्याने खुर्चीत जे होतं ते दाखवलं. चौथ्या चौकटीत डोरीन. आणि तिने, नियम वगैरे विसरून, सवयीने तेच हसू चढवलं, हरणाऱ्यांचं. ओठ थोडे उघडे, मान थोडी कलती, डोळ्यांत दुसरीसाठी आनंद. मी तिला ते घरी आरशासमोर घोटताना पाहिलंय.

"पेज हॉलिस!"

डोरीन टाळ्या वाजवत डावीउजवीकडे बघायला लागली, जिंकलेली बाई कुठे आहे म्हणून. शेजारी बसलेला पेजचा नवरा फोनमध्ये मान घालून होता. नाव ऐकताच त्याने शेजारी जी होती तिला मिठी मारली, गालावर मुका घेतला आणि मग कोण आहे ते पाहिलं. तोवर मागचे लोक उभे राहून तिला पुढे ढकलत होते. मी काठी उचलली होती. आयुष्यात पहिल्यांदा डोरीनला वाजतगाजत स्टेजवर नेलं, आणि तेही दुसरीच्या नावाने.

पुरस्कार देणारं पोरगं विशीतलं. त्याला पेजही माहीत नव्हती आणि डोरीनही. त्याने सोनेरी बाई तिच्या हातात ठेवली.

"पेज बाथरूममध्ये आहे," डोरीन माइकमध्ये म्हणाली. "कपडे मोठे आहेत, वेळ लागेल. मी फक्त खुर्ची गरम ठेवत होते."

हॉल हसून कोसळला. हशा ओसरायची तिने वाट पाहिली, कुंपणापाशी पाहायची तशीच.

"आता आलेच आहे, तर माझं जुनं भाषण पाठ आहे, ते म्हणून घेते. पहिले आभार माझ्या निर्मात्यांचे. त्यांना मी एका पार्टीत नाही म्हटलं, तर त्यांनी मालिकेत माझे पाय मोडले. अख्खं वर्ष मी चाकांच्या खुर्चीत बसून काम केलं आणि त्यालाच पहिलं नामांकन मिळालं. ते वारले. मी जरा उशिराच गेले मयताला, खुर्ची सापडत नव्हती."

लोक खुर्च्यांवरून घरंगळायचे बाकी होते. ब्रेना कानात ओरडली, "वाहान, वाजवायचं नाही. काठीला हात लावू नकोस. बोलू दे तिला हवं तितकं. सगळी अमेरिका बघतेय."

डोरीन बोलत राहिली. शिंपीण, केस करणारी, ओहायोतली आई. वेळ केव्हाच उलटून गेली होती. मग ती थांबली.

"आणि शेवटी..."

तिने खाली माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ते चढवलेलं हसू नव्हतं.

मला ऐकायचं होतं. देवाशप्पथ, ट्रंपेट हातात घेतल्यापासून मला दुसरं काही इतकं ऐकावंसं वाटलं नव्हतं. कानात ब्रेना म्हणत होती, "थांब, वाहान, थांब." पण डोरीन माझ्या हाताकडे बघत होती.

मी काठी उचलली. व्हायोलिनांची गोडीगुलाबी वगळून थेट ट्रंपेट घेतलं.

डोरीनने बाई डोक्यावर उचलली. "एक मिनिट!" ती माझ्यावर खेकसली, जिंकलेले सगळे खेकसतात तशी. "अहो बँडवाले, एक मिनिट, माझं संपलं नाही!" इतकी आनंदात मी तिला आमच्या लग्नातही पाहिली नव्हती. ओठ हलत होते, पण शब्द ट्रंपेटखाली गेले. आम्ही वाजवत राहिलो आणि ती मागे मागे हटत, शिव्या देत, पडद्याआड गेली. तिथे पेज गाऊन मुठीत धरून धापा टाकत उभी होती म्हणे. डोरीनने बाई तिच्या हातात दिली आणि म्हणाली, "डोळे सांभाळ."

मला लगेच उठवलं. उरलेला कार्यक्रम मदतनिसाने वाजवला आणि पुढच्या वर्षी येऊ नकोस हे ब्रेनाने मला जिन्यातच सांगितलं. डोरीनचं नाव जागाभरूंमधून तिथल्या तिथे कापलं.

पार्किंगमध्ये गेलो तर ऊन अजून होतं. माझ्या गाडीच्या बॉनेटवर बसून डोरीन उरलेला लहमाजून खात होती.

"छान हाकललंस," ती म्हणाली.

"शेवटी काय म्हणालीस? माझं नाव घेतलंस का?"

"वाजवत होतास ना? मग तुला कसं कळणार," ती म्हणाली आणि हात माझ्या कोटाला पुसले.

मी अर्धा तुकडा मागितला. तिने दिला. खरंच लिंबू हवं होतं त्याला.