गणिताच्या रकान्यातला आकडा

मी एक जुनी गुणपत्रिका आहे. जुनी म्हणजे बावीस वर्षांची. मित्रांनो, कागदाच्या जातीत हे काही फार वय नव्हे. पण माझ्या अंगावरून एकदा गरम रूळ फिरला, एकदा इस्त्री फिरली आणि माझा एक आकडा मला सोडून गेला. तेव्हा मला जुनी म्हणायला हरकत नसावी.

माझा जन्म परीक्षा मंडळाच्या छापखान्यात झाला. त्या दिवशी आम्ही हजारो बहिणी जन्मलो. सगळ्यांचा कागद एक, शाई एक, आणि उजेडासमोर धरल्यावर पोटात दिसणारी खूणही एकच. उजव्या कोपऱ्यात यंत्राने दाबून गोल शिक्का उठवलेला होता, तो बोटाला लागायचा. त्याचा मला फार तोरा होता. मग आकडे छापले गेले आणि आमच्यात भेद पडला. मला गणितात सदतीस आले. पास व्हायला पस्तीस लागत. सगळ्यात खाली 'उत्तीर्ण' असे छापले होते. नव्वदवाल्या बहिणींच्या खालीही तोच शब्द होता, तेवढ्याच आकाराचा.

मी ज्या मुलीची होते, तिच्या बाबांचे पुस्तकबांधणीचे दुकान होते. दुकानामागेच घर. भिंतीवर तिच्या मोठ्या भावाची गुणपत्रिका चौकटीत लावलेली होती, चौऱ्याऐंशी टक्क्यांची. निकालाच्या दिवशी मामा आले, त्यांनी चष्मा चढवला आणि मला बातम्यांसारखे मोठ्याने वाचले. "भाषा बावन्न. इतिहास अठ्ठेचाळीस. गणित... सदतीस! अगं, काठावरून पडता पडता वाचलीस की!"

सगळे हसले. तीही हसली, आणि पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. त्या दिवसापासून मामा तिला 'सदतीस' म्हणू लागले. मग भाऊ म्हणू लागला, मग मामी. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. हे मी मुद्दाम सांगते, कारण अशा बाबतीत तो सहसा कुणाचाच नसतो.

बाबा मात्र हसले नाहीत. दुकानात नुकतेच लॅमिनेशनचे यंत्र आले होते. त्यात घातलेला पहिला कागद मी. "पोरीच्या कष्टाचा कागद आहे, शंभर वर्षं टिकला पाहिजे," असे म्हणत त्यांनी मला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकमध्ये घातले आणि गरम रुळांतून काढले. मी चकचकीत झाले, पण माझा उठावाचा शिक्का सपाट झाला. बाबांच्या ते लक्षातही आले नाही. कागद फाटू नये, भिजू नये, एवढेच त्यांच्या धंद्याने त्यांना शिकवले होते.

पुढची वर्षे मी एका खणात काढली. भिंतीवरच्या माझ्या बहिणीने, म्हणजे त्या चौकटीतल्या गुणपत्रिकेने, भावाला मोठ्या कॉलेजात नेले, तिथून एका ऑफिसात नेले आणि त्याला माझ्या मुलीपेक्षा कितीतरी अधिक पगार मिळू लागला. मी खोटे कशाला बोलू? पहिले दार तिने उघडून दिले. पण आत गेल्यावर तिला कुणी काही विचारले नाही. ती चौकटीत धूळ खात राहिली, मी खणात.

माझी मुलगी एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात लागली. तिथल्या साहेबांनी मला हातात घेतले आणि "पास आहात ना? मग उद्यापासून या," एवढेच म्हणून परत दिले. ती आधी चादरींच्या घड्या घालायची. नंतर बॉयलरवर मदतनीस झाली. तिथल्या मिस्त्रीकाकांनी तिला सगळे शिकवले. पाणी किती, वाफेचा दाब किती, कुठली झडप कधी सोडायची. अकरा वर्षांत ती इतकी तयार झाली की बॉयलरच्या आवाजावरून काय बिघडलेय ते सांगायची. तिथे तिला सगळे ताई म्हणत. पगार मात्र मदतनिसाचाच होता.

मग मिस्त्रीकाका निवृत्त व्हायला आले. ते साहेबांना म्हणाले, "माझ्या जागी हिलाच घ्या. मी रजेवर असतो तेव्हा हीच चालवते."

"मलाही तेच हवंय," साहेब म्हणाले. "पण ताई, बॉयलर चालवायचा परवाना तुमच्या नावावर लागेल. नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल, आणि मग तुम्हाला परत चादरींवर जावं लागेल."

परवान्याच्या परीक्षेला बसायचे तर माझी गरज होती. बावीस वर्षांची झाल्यावर मला पुन्हा खणातून काढले. माझी छाती फुगली होती, हे कबूल करते.

परवाना कार्यालयाच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला, मला उजेडासमोर धरले आणि मान हलवली.

"हे चालणार नाही. शिक्का हाताला लागत नाही, आतली खूण दिसत नाही. ही झेरॉक्स आहे की मूळ कागद, मी कसं ठरवू?"

"मूळच आहे हो. वडिलांनी जपून ठेवलाय."

"जपून ठेवलाय म्हणूनच घोटाळा झालाय. नवी प्रत काढा. तीन महिने लागतील."

"शेवटची तारीख सोमवारची आहे."

"मग प्लॅस्टिक काढून आणा. निघालं तर."

रविवारी सकाळी बाबांनी खिडकीशी टेबल ओढले. त्यांनी माझ्यावर पातळ फडके घातले, कोमट इस्त्री फिरवली आणि कडेने पट्टी सरकवत प्लॅस्टिक इंच इंच सोडवायला घेतले. ती शेजारी उभी होती.

"बाबा, फाटला तर?"

"फाटला तर माझ्या चुकीनं फाटेल. तू कशाला घाबरतेस?" असे म्हणाले खरे, पण घाबरले तेच होते.

दुपार झाली तेव्हा मागची बाजू मोकळी झाली होती. पुढची बाजू निघता निघता एक बारीकसा आवाज आला. गणिताच्या रकान्यातली शाई प्लॅस्टिकला चिकटून निघून गेली होती. तिथे पांढरा डाग उरला. बाबांनी ते प्लॅस्टिक न फेकता माझ्याशेजारी ठेवले.

सोमवारी ती ते प्लॅस्टिकही बरोबर घेऊन गेली. "बाई, इथे सदतीस होते. या प्लॅस्टिकवर उलटे दिसतायत बघा."

बाईंनी प्लॅस्टिक बाजूला सारले. मला उजेडासमोर धरले, आतली खूण पाहिली. शिक्क्याच्या जागी एक पुसटसे वर्तुळ होते. मग त्यांनी जुनी नोंदवही मागवली, माझा क्रमांक जुळवला आणि सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवले.

"उत्तीर्ण. मला एवढंच बघायचं असतं."

"आणि गणिताचे?"

"ते आमच्या अर्जात विचारतच नाहीत."

तिने ते वाक्य मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले. बावीस वर्षे घरात ज्या आकड्याने तिला हाक मारली जात होती, त्याला अर्जात जागाच नव्हती. मला तेव्हा वाईट वाटले. तिच्यासाठी वाटले, आणि थोडे माझ्यासाठीही.

पुढे परीक्षा झाली. परीक्षकांनी विचारले, "बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी दिसेनासं झालं तर?" ती म्हणाली, "आधी जाळ बंद. पाणी लगेच सोडायचं नाही, तापलेल्या भांड्यात गार पाणी गेलं तर सगळ्यांना घेऊन फुटेल." परवाना मिळाला. पगार जवळजवळ दीडपट झाला. तरी तो भावाइतका नव्हता, अजूनही नाही. पण बॉयलरच्या खोलीत चौकट लागली ती तिच्या परवान्याची.

पुढच्या सुट्टीत मामा आले आणि दारातूनच त्यांनी हाक मारली. "सदतीस आहे का घरात?"

बाबांनी मला त्यांच्यापुढे धरले. "तो आकडा कागदानं सोडला. तुम्ही कधी सोडताय?"

मामा ओशाळले. "मग आता हिला काय म्हणू?"

"मला नाव आहे, मामा," ती म्हणाली. "याच कागदावर आहे. सगळ्यात वर."

मामांनी चष्मा चढवला आणि पहिल्यांदाच माझी पहिली ओळ मोठ्याने वाचली.

मित्रांनो, आता मी खाकी पाकिटात असते, कोरडी आणि उघडी. माझ्या बहिणी तुमच्याकडेही येतील. त्यांना पाण्यापासून आणि वाळवीपासून जपा, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका, कारण एखाद्या सोमवारी त्या लागतात. आणि घरात त्या मोठ्याने वाचायच्याच असतील, तर वाचायला वरून सुरुवात करा. तिथे आधी नाव असते.