केसभर माघार

सोलिया गावात देवावर विश्वास नसला तरी चालायचं, पण शेजाऱ्याच्या कानशीवर ठेवला तर माणूस वाया गेला असं समजत. गाव घड्याळांचं. एका घरात चाकं, दुसऱ्यात स्क्रू, तिसऱ्यात काटे. आणि आपलाच भाग म्हणजे घड्याळ, बाकी सगळा पसारा, ही प्रत्येकाची खात्री.

फिलेमों ल्युग्रँ नांगर करायचा. नांगर म्हणजे पोलादाचा एवढासा दुहेरी आकडा, त्याच्या दोन टोकांना लाखेने चिकटवलेली दोन माणकं. गुंडाळलेल्या कमानीच्या जोरावर दातेरी चाक पळायला बघतं, आणि एक माणिक त्याचा दात अडवतं. झुलणारा बॅलन्स, म्हणजे घड्याळाचा लोलकच, नांगराला टिचकी मारतो, माणिक उचललं जातं, दात निसटतो. लगेच दुसरं माणिक पुढचा दात धरतं. टिकटिक म्हणतात ती हीच धरपकड.

ते दातेरी चाक करायचा समोरच्या घरातला सेलेस्तँ गिन्यार. फिलेमोंची ओलँप आणि गिन्यारचा ओरेल यांचं जमलं, तेव्हा दोन्ही बाप म्हणाले, "आधी दोन्ही घरांचं मिळून एक घड्याळ वेधशाळेच्या अचूक घड्याळांच्या स्पर्धेला जाऊ दे. मग लग्न." स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलंही नाही.

घड्याळ जोडलं ओलँपने. बॅलन्सची केसासारखी बारीक कमान बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चावी दिली. दोन टिकटिकी झाल्या आणि घड्याळ मेलं.

"पकड खोल आहे," ती म्हणाली. "माणिक दातात इतकं रुततंय की बॅलन्सला सोडवता येत नाही. पपा, केसभर मागे घ्या ना."

सोलियाची रीत अशी, की प्रत्येकाने आपला भाग केसभर जास्त ठेवायचा आणि पुढच्याने तो घासून जुळवायचा. घासतो तो मानाने धाकटा. म्हणून दोघांनीही केसभर जास्त ठेवलं होतं आणि दोघेही थोरले होते.

"चाक मोठं झालंय," फिलेमों म्हणाला. "त्या गिन्यारला सांग, गाडीचं नव्हे, घड्याळाचं चाक मागितलं होतं."

समोरून निरोप आला, "ल्युग्रँला म्हणावं, जहाज अडवायला नांगर केलायस का?"

महिनाभर हेच चाललं. ओलँप जेवणात लक्ष देईना. चीजची कढई तिच्यापुढे गार व्हायची, आणि फिलेमों ती पुन्हा चुलीवर ठेवायचा. शेवटी रविवारी तो दाढदुखीचं सोंग करून चर्चला गेला नाही. नांगर पितळी पत्र्यावर धरून खाली दिवा लावला, लाख मऊ झाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्यासाठी त्याने माणिक केसभर आत ढकललं. डोळ्यांत पाणी आलं. दाढदुखीचं ते पहिलंच खरं लक्षण.

"पुसून ठेवलाय नुसता," त्याने नांगर मुलीला परत देताना सांगितलं. गिन्यारनेही चाक 'चकाकी द्यायला' नेलं होतं, तेही आलं.

दोन्ही घरं ओलँपच्या टेबलाभोवती जमली. चावी दिली. घड्याळ चाललं.

"वाकला!" फिलेमोंने मांडी थोपटली. "बघा, गिन्यार वाकला!"

गिन्यारचे कान लाल झाले. ओरेल बापाकडे बघत होता.

"हो," गिन्यार हळूच म्हणाला. "घासलं मी. पोरांचं वय निघून चाललंय, फिलेमों."

फिलेमोंच्या तोंडाशी आलेलं 'मीसुद्धा' तिथेच अडकलं. ओलँप उठली आणि तिने गिन्यारचे गाल तीनदा चुंबले. "पपा," ती त्याला म्हणाली. त्याला!

मग तिने घड्याळ कानाशी धरलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मधूनच टिकटिक अडखळून दुडकी पळत होती.

"पकड आता फारच थोडी राहिली. दात निसटतायत. दोन केस गेलेत." तिने फिलेमोंकडे पाहिलं. "पपा, तुम्हीही...?"

एवढं सोपं उत्तर देवानेही कुणाच्या जिभेवर ठेवलं नसेल.

"मी?" फिलेमों गरजला. "मी माणिक हलवणार? चाकवाल्यासाठी?"

"माझ्याच हातून जास्त घासलं गेलं असेल," गिन्यार म्हणाला. "डोळे म्हातारे झाले."

"हरकत नाही," ओलँप म्हणाली. "घासलेलं परत येत नाही. पण पपा, तुम्ही माणिक केसभर पुढे ओढलंत, तर घड्याळ अजूनही स्पर्धेला वेळेत पोचेल. पाव तासाचं काम."

माणिक हलवायला लाख तापवावी लागणार होती, आणि मुलगी शेजारीच बसून बघणार होती. माणिक नुकतंच एकदा हलवल्याची खूण लाखेत दिसायला तिला भिंगही लागलं नसतं.

"तुझ्या सासऱ्याची चूक मी निस्तरू?" तो म्हणाला.

ओलँपने घड्याळ मिटलं.

"राहू द्या, पपा. तुमच्याकडे मी हे मागायलाच नको होतं," ती म्हणाली, आणि आपली खुर्ची उचलून गिन्यारच्या बाजूला जाऊन बसली.