भावाच्या पोटातले जंतू

घरात तिला सगळे जंतूबाईच म्हणत. सुरुवात सासूबाईंची. "एवढी शिकली आणि दिवसभर करते काय, तर लंगोट चिवडते," असं त्या पाहुण्यांना हसत सांगत. पण दुसऱ्या कुणी नाक मुरडलं, की त्याची तिथल्या तिथे खरडपट्टी काढत.

तिची प्रयोगशाळा रुग्णालयाच्या तळघरात होती. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांच्या शीमधले जंतू ती वाढवून बघायची. अशा बाळांची आतडी फार नाजूक. कधी त्यांना सूज येते आणि बघता बघता जिवावर बेततं. या खेपेला वरच्या कक्षात जुळी होती. बहिणीचं पोट फुगलं, दूध बंद करून औषधं सुरू करावी लागली. शेजारच्या काचपेटीतला भाऊ मात्र ठणठणीत. आई एकच, दूधही तिचंच. मग फरक कशात?

जंतूबाईने बहिणीच्या शीमधला त्रासदायक जंतू काचेच्या थाळीभर पसरला, मधोमध भावाच्या पोटातल्या एका जंतूचा ठिपका ठेवला आणि थाळी हवाबंद डब्यात घातली. डबा उघडला तेव्हा ती ताडकन उभीच राहिली. थाळीभर पांढुरकी साय धरली होती आणि ठिपक्याभोवती मात्र स्वच्छ, मोकळं कडं.

लिफ्टची वाट बघवेना. ती जिन्याने धावत वर गेली. डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून पाहिला.

"छान. पण हे जंतू आंबट करतात सगळं. नुसत्या आंबटपणानेच दुसरे मेले असतील तर?"

"मग आंबटपणा काढून बघते."

"बघ. आणि हुरळून जाऊ नकोस. थाळी म्हणजे पोट नव्हे."

पण ती कधीच हुरळली होती. तिने भावाचा जंतू पातळ खाद्यात वाढवला, तो गाळून काढला, उरलेल्या पाण्याचा आंबटपणा मारला आणि तेवढंच पाणी नव्या थाळीवर ठेवलं. या वेळी डबा उघडल्यावर तिने शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला हाक मारली. आपल्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता.

"कडं आहे," तो शांतपणे म्हणाला. "आधीपेक्षा लहान, पण आहे. चिमटा काढू का?"

ती पुन्हा जिन्याने वर. जुळ्यांची आई काचपेटीच्या खिडकीतून हात घालून लेकीचं पाऊल धरून बसली होती. जंतूबाईने तिला एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे भावाचे जंतू बहिणीला देणार?"

"इतक्यात नाही हो. अजून खूप तपासायचंय, एवढ्याशा जिवाला भलतंच काही व्हायला नको. हिला बरं करतायत ती औषधंच."

"सूज उतरलीय. आज सकाळी दुधाचे थेंब दिले," आई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "आणि पचले."

"शी केली?"

"केली की. तुमच्यासाठीच ठेवायला सांगितलीय."

नर्सने पिशवी पुढे केली. औषधांनंतर आत आता कोण कोण उरलं असेल, या विचाराने जंतूबाईचा पाय एका जागी ठरेना. पिशवी घेऊन ती जिन्याकडे निघाली.