डाव्या पायाचा बूट

"'पायरी पहिली. स्विच बंद करून चालू करा,'" मी मोठ्याने वाचलं, उठले आणि खोलीतला दिवा घालवला.

"अगं, भिंतीवरचा नाही! नेटवर्कचा स्विच. चपटा डबा असतो, दिवे लुकलुकणारा."

"मग तसं लिहा की."

ह्यांनी कपाळाला हात लावला, पण लिहिलं. आमचे हे एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळतात. ते बंद पडलं की रिपोर्ट अडकतात, पेशंट खोळंबतात आणि ह्यांचा फोन खणखणतो. मागच्या खेपेला लेकीकडे निघालो होतो, तर अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागलं. आता लेकीचे दिवस भरत आले होते. "बाबा, या वेळी परत पळालात तर बोलणार नाही," तिने बजावलं होतं. म्हणून बिघाड झालाच तर काय करायचं, ते रिसेप्शनवरच्या बाईंसाठी लिहून ठेवायचं ठरलं. बाईंना यातलं ओ की ठो कळत नाही. मलाही कळत नाही, हा माझा गुण ह्यांना लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सापडला आणि चाचणी माझ्यावर सुरू झाली.

"'केबल तपासा.' म्हणजे नुसती बघू?"

हे दात-ओठ खात लिहायचे, 'निळी वायर टक् आवाज येईपर्यंत आत ढकला.' शेवटी एका संध्याकाळी कागद हातावेगळा केला. "आता शेंबडं पोरही करेल!"

मी मोजे रफू करत होते. "एक सांगा, तुमचा डावाच मोजा कसा हो फाटतो? उजवा नवाकोरा, डाव्याची पार चाळण."

"तो स्विच असतो त्या सर्व्हर रूममध्ये डावा बूट काढतो ना मी. दारात अडकवायला. आतली मूठ कधीची तुटलीय, दार लागलं की माणूस आत कोंडला. वीट ठेवली होती, ती सफाईवाल्या मावशी उचलून नेतात."

"आणि हे कुठे लिहिलंय?"

ह्यांनी कागद वरून खाली पाहिला. "ते काय लिहायचं? ते तर मी नेहमीच करतो."

"बाई करतात का? त्या आत अडकणार, पंख्यांच्या घरघरीत त्यांची हाक कोणाला ऐकू जायची नाही. आणि तुम्ही नातवंड टाकून माघारी!"

ह्यांनी पेन पुन्हा उचललं. नवी पहिली पायरी लिहिली: 'डावा बूट काढून दारात अडकवा.'

"उजवा चालेल?"

ह्यांनी गंभीरपणे विचार केला आणि 'डावा' खोडून 'कुठलाही' केलं.

लेकीला मुलगी झाली. ह्यांच्या मांडीवर नात, पण डोळे फोनवर. एका सकाळी तो वाजला आणि हे ताडकन उठले. बाईंनी फोटो पाठवला होता. जड दाराच्या फटीत हिरव्या पट्ट्यांची लेडीज सँडल, आत सगळे दिवे सुरू. खाली लिहिलं होतं, 'बंद पडलं होतं, चालू केलं. तुम्ही बाळाकडे बघा.'

हे कितीतरी वेळ फोटो बघत राहिले. "मला विचारलंसुद्धा नाही गं."

मला वाईट वाटलं आणि हसूही आलं. "विचारावं लागू नये म्हणूनच लिहिलंत ना?"

तेवढ्यात वाऱ्याने खोलीचं दार आपटलं आणि पाळण्यातलं बाळ दचकलं. ह्यांनी डाव्या पायातली सपात काढून दारात अडकवली, आणि एका पायात नुसता रफूचा मोजा, असे पाळण्याशी जाऊन बसले.