परीक्षेचा रस्ता

आमच्या ह्यांनी ज्याला गाडी शिकवली तो परीक्षेत कधी नापास झाला नाही, आणि ही गोष्ट माझ्या माहेरच्या प्रत्येक माणसाला ऐकवून झालेली आहे. ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं एकट्याचं. गाडी एकच, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक असलेली. पण लोक नंबर लावून थांबायचे, हे खरं. त्याचं गुपित मला ठाऊक होतं. परीक्षा घेणारे साहेब गाडी कुठून कुठे न्यायला सांगतात, तो रस्ता ह्यांना तोंडपाठ. कचेरीच्या फाटकातून डावीकडे, पाण्याच्या टाकीपाशी चढ, चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायची, दवाखान्यासमोर हॉर्न वाजवायचा नाही, मग वळून परत. त्याच रस्त्यावरून शिकाऊ माणसाला इतकं फिरवायचं, की साहेबांसमोर त्याचे हात आपोआप वळावेत. नीट जमलं की हे डॅशबोर्डवर दोन टिचक्या मारत.

"आणि दुसऱ्या रस्त्यावर गेला की काय करेल बिचारा?" मी विचारायची.

"तिथे परीक्षा नसते," हे म्हणायचे.

खारू आमची मुलगी. लहानपणी गालात घास साठवून बसायची म्हणून पडलेलं नाव, दहा वर्षांची झाली तरी तेच राहिलं. तिला वाचता येत नव्हतं. आळशी म्हणून नाही, आणि ढ म्हणून तर मुळीच नाही. माझं कपडे आल्टर करून द्यायचं दुकान आहे. कोणाची पँट किती कमी करायची, कोणाची बाही उसवायची, हे एकदा ऐकलं की ही पोरगी विसरायची नाही. मी चिठ्ठी लावलेली असे, तरी आधी तिलाच विचारी. पण दुकानावरची पाटी, रोजची, माझीच पाटी, ती वाच म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. अक्षर लावत लावत जायची आणि तिसऱ्यापाशी पोचेपर्यंत पहिलं निसटून गेलेलं असायचं. मी चिडले, समजावलं, कधी पाठीत धपाटाही घातला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

एक इयत्ता तिने दोनदा काढली होती. यंदा वर्गशिक्षिकेने मला बोलावून घेतलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की पुन्हा नापास झाली तर तिला शाळेत ठेवता येणार नाही. एकच वाट आहे. चाचणी करून घ्या. अध्ययन अक्षमता आहे असा अहवाल आला, तर परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला तिला माणूस मिळेल, उत्तरं तोंडी देता येतील. "तोंडी विचारलं तर ती पहिल्या पाचांत येईल हो," बाई म्हणाल्या. परत येताना मला रस्त्यातच रडू आलं. रागही आला, की हे आत्ता सांगताय होय.

घरी येऊन मी ह्यांना सगळं सविस्तर सांगितलं. ह्यांच्या डोक्यात त्यातला एकच शब्द शिरला, चाचणी.

चाचणीची खोली एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होती. लहान टेबल, लहान खुर्च्या, कुलूपबंद कपाट. भिंती कोऱ्या ठेवलेल्या, मुलांचं लक्ष इकडेतिकडे जाऊ नये म्हणून. चाचणी घेणाऱ्या मॅडम वयाने माझ्याहून लहान, आवाज मऊ, पण नियमाच्या पक्क्या. खारू दार लावू देईना, माझा पदरही सोडेना, तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना तिच्या पाठीमागे कोपऱ्यात बसायला सांगितलं. मध्ये बोलायचं नाही, खूण करायची नाही, ही अट.

ठोकळे तिने पटापट जुळवले. चित्रात काय राहून गेलंय तेही सांगितलं. मग मॅडमनी शब्दांचं कार्ड पुढे ठेवलं, वर सोपे शब्द आणि खाली उतरत अवघड अवघड. त्याखाली छोटा उतारा. कार्ड बघताच खारूची पाठ वाकली. तिने एकही शब्द उच्चारला नाही, नुसती मुसमुसत राहिली. मॅडमनी तिला घाई केली नाही, रागावल्याही नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी कार्ड उचललं आणि म्हणाल्या, "आज राहू दे. पुढच्या महिन्यात पुन्हा बसू. तोवर घरी काही तयारी करून घेऊ नका. ती आहे तशी मला दिसायला हवी."

तेवढा वेळ मी पोरीकडे बघत होते. हे कार्डाकडे बघत होते, ते मला पुढे कळलं.

त्या महिन्यात खारूला शाळेत सोडायचं काम ह्यांनी आपणहून घेतलं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, बापाला जाग आली. दोघं लवकर निघत. पोरगी हसत जायची, संध्याकाळी बापाच्या कानात काहीतरी कुजबुजायची आणि हे टेबलावर दोन टिचक्या मारायचे. काय गुळपीठ चाललंय विचारलं, तर दोघंही छताकडे बघायचे. मी म्हटलं, असू दे. घरात हसणं ऐकू येत होतं, कशाला उगाच चौकशा करा.

दुसऱ्या खेपेला खारू एकटी आत गेली, दारही तिनेच लावलं. बाहेर आली ती उड्या मारत.

अहवाल घ्यायला आम्ही तिघं गेलो. तिला बाहेर बाकावर बसवून आम्ही आत गेलो. मॅडमनी वाचून दाखवलं. बुद्धी चांगली. वाचन वयाला साजेसं. अध्ययन अक्षमता आढळत नाही. लिहायला सांगितलं की टाळते, लिखाणाचा कंटाळा असावा.

"कंटाळा?" मी म्हटलं. "मॅडम, तिला माझ्या दुकानाची पाटी वाचता येत नाही."

"मलाही नवल वाटलं," त्या म्हणाल्या. "पण कार्डावरचा शब्द न् शब्द तिने वाचला, उतारासुद्धा. मागच्या वेळी ती घाबरली होती असंच म्हणावं लागेल. जे समोर दिसलं तेच मला लिहिता येतं."

मी ह्यांच्याकडे वळले. म्हटलं, बोला की काहीतरी. तर ह्यांची छाती चार बोटं पुढे आलेली, आणि चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

बाहेर खारू उठून उभी राहिली. "पास?"

"पास," हे म्हणाले.

पोरीने दोन्ही हात तोंडावर ठेवले. दहा वर्षांत तो शब्द तिला कोणी म्हटला नव्हता. शाळेशी गाडी थांबताच ती दप्तर अर्धं खांद्यावर टाकून धावत सुटली, मैत्रिणींना सांगायला.

मग मी बोलले. "आता शाळा तिला माणूस देणार नाही. तोंडी परीक्षा नाही. पुन्हा नापास होणार आणि ह्याच फाटकातून दप्तर घेऊन बाहेर येणार. कळतंय का तुम्हाला?"

"पण ती पास झाली ना?" हे म्हणाले.

"अहो, ह्या चाचणीत पास म्हणजेच नापास. मी घरी कोणाला सांगत होते, भिंतीला?"

त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि मग सगळं बाहेर आलं. पोर रडत होती तेवढ्यात ह्यांनी तिच्या खांद्यावरून कार्ड पाठ केलं होतं. रोज सकाळी तिला शेजारी बसवून परीक्षेच्या रस्त्यावरून गाडी फिरवली, आणि एकेका जागी एकेक शब्द ठेवला. फाटकाशी नळ, वळणावर मासा, टाकीच्या चढावर उत्साह, दवाखान्यासमोर निरीक्षण. उतारा परतीच्या वाटेवर. ऐकून लक्षात ठेवण्यात तर पोरगी पटाईत. "तिने एकदाही चूक केली नाही गं," हे म्हणाले. त्यातही त्यांना कौतुकच होतं.

मग म्हणाले, "नाहीतर शिक्का बसला असता तिच्या कपाळावर."

"तो शिक्काच हवा होता आपल्याला."

"मला वाटलं," हे म्हणाले, "एकदा तरी कोणीतरी तिला पास म्हणावं."

जिभेवर बरंच काही आलं होतं माझ्या, आणि माझी जीभ काही मऊ नाही. ते सगळं मी गिळलं. मलाही तेच वाटत आलं होतं, फक्त मी त्यासाठी काही केलं नव्हतं. शिकाऊंच्या त्या गाडीत आम्ही दोघं बसून राहिलो, आणि माझा नवरा पहिल्यांदा माझ्यासमोर रडला.

मॅडमना ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, मी शेजारी उभी होते. मी वाट बघत होते की त्या झाडतील आता चांगलं, पण त्यांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याकडे दुसरं कार्ड आहे," त्या म्हणाल्या. "पण तिला नीट समजावून आणा. नाहीतर तिला फार लागेल."

नीट समजावतो म्हणून हे कबूल झाले. संध्याकाळी तिला जवळ घेऊन बसले. मी शेजारच्या खोलीत शिलाई उसवत होते, मला सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ घसा खाकरून झाला. मग म्हणाले, "खारू, त्या ताईंना तुझं पुन्हा एकदा ऐकायचंय."

"इतकं आवडलं त्यांना?"

"हो ना."

मी उठले होते दारापर्यंत. पोरीचा चेहरा बघितला आणि माझ्याच्याने बोलवेना.

त्या दिवशी तिने स्वतः वेणी घट्ट घालायला लावली. "आई, तू पण आत ये. तू ऐकलंच नाहीयेस." मॅडमनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. तरी त्यांनी आम्हाला बसू दिलं, त्याच कोपऱ्यात, त्याच अटीवर.

नवं कार्ड टेबलावर आलं. खारूने त्यावर बोट ठेवलं, मान ताठ केली आणि सुरू झाली. नळ. मासा. चाक. खिडकी. स्पष्ट, खणखणीत आवाज. बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं, आणि तिथे त्यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. डावं वळण आलं की ती खुर्चीत किंचित डावीकडे झुके. टाकीचा चढ आला तेव्हा आवाज चढला. बोट शेवटच्या शब्दाखाली पोचलं तेव्हा तिच्याकडे अजून शब्द उरले होते. ते तिने बोट तिथेच ठेवून म्हणून टाकले. मग मागे वळून बापाकडे पाहिलं.

ह्यांचा हात टिचकीसाठी उचलला गेला. मग त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

"छान म्हटलंस," मॅडम म्हणाल्या. "आता आपण एकेक बघू हं." त्यांनी एक कोरा कागद घेऊन कार्ड झाकलं आणि वरचा एकच शब्द उघडा ठेवला. "हा कोणता?"

"नळ."

"नीट बघ, बाळा."

खारू बघत राहिली. ओठ हलले, अक्षर लागलं, सुटलं, पुन्हा लागलं. मला मागून तिची मान दिसत होती, घट्ट वेणीखालची. शब्द साधा होता, ढग. माझ्या जिभेवर येऊन बसला होता. मी पदर तोंडात धरला.

मॅडमनी कागद खाली सरकवला. दुसरा शब्द. मग तिसरा. त्या प्रत्येकापाशी थांबत होत्या, पुरेसं थांबत होत्या, आणि आपल्या कागदावर खूण करत होत्या. आम्हाला हवा असलेला अहवाल आमच्या डोळ्यांसमोर तयार होत होता. शाळा आता माणूस देईल, पोर शाळेत राहील, मी त्यासाठीच आले होते. मी स्वतःला हे सांगत होते.

पाचव्या-सहाव्या शब्दाला खारू थांबली. तिला उमगलं. या वेळी ती रडली नाही. खुर्चीत वळली आणि बापाकडे बघून हळूच म्हणाली, "बाबा, हा रस्ता आपण केलाच नाही."

बोलायचं नाही अशी अट होती. मी खाली बघितलं, तर ह्यांचा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, सगळा जोर लावून, समोर माणूस आडवा आल्यावर ब्रेक दाबावा तसा. तिथे नुसती फरशी होती. मॅडमनी कागद पुढच्या शब्दावर सरकवला आणि खारू पुन्हा टेबलाकडे वळली.